मागील बाकी

एनॉस हिमलमन गेले. वय वर्षं चौऱ्याण्णव.
नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार, लुननबर्गच्या धक्क्यावर
शेवंडांचे पिंजरे होड्यांवर चढत होते.
कुणी टोपी काढली, कुणी हातातला दोर थांबवला,
आणि पुन्हा चढवू लागले. हंगाम थांबत नाही.

मी मर्टल. त्यांच्या खोक्यांच्या कारखान्यात
एकेचाळीस वर्षं जमाखर्च लिहिला.
त्यांच्या होडीवर कधी पाय ठेवला नाही;
मला धक्क्यावर उभं राहूनसुद्धा मळमळतं.

वडील खारवलेल्या कॉडसाठी लाकडी पेट्या ठोकत.
एनॉसनी पुठ्ठा आणला. म्हातारा म्हणाला,
कागदात मासा? उद्या कागदाची होडी करशील.
लेटिशिया आत्यानं अकराशे डॉलर दिले, यंत्रासाठी.
यांनी त्यातले चारशे एका जुन्या शिडाच्या होडीत घातले
आणि होडीला आत्याचंच नाव दिलं,
म्हणजे तिला रागावता येईना.

कीर्दीत ती रक्कम पहिल्या पानापासून आहे:
लेटिशिया, देणे.
आत्या बासष्ट साली गेली. वारस नाही.
दर मार्चला मी विचारायची, आता खोडू का?
ते म्हणायचे, पुढे ओढा.
बुडवायचं नाही, मर्टल, नुसतं पुढे ओढायचं.
मी ओढत राहिले.

हिशेबाला कडक. सुतळीचे तुकडे मोजून ठेवायचे.
पण शीड फाटलं की त्याचं बिल
माझ्या टेबलावर पालथं सरकवायचे,
नापास पोरानं प्रगतिपुस्तक ठेवावं तसं.

एकाहत्तरला कारखाना जळाला.
ओला पुठ्ठा तीन दिवस धुमसत होता.
चौथ्या दिवशी मालक समुद्रात.
गाव बोलायचं ते बोललं.
परतले ते मिठानं ओठ फुटलेले,
खिशात तंबाखूच्या कागदावर नव्या छपराची मापं.

संपाच्या वर्षी पुढारी विल्बर्ट निकलला म्हणाले,
चल, वारा चांगला आहे.
बेटांपलीकडे धुक्यात अडकले, दोन रात्री.
कांबळं एक, बीन्सचा डबा एक.
आले तेव्हा तासाला अकरा सेंट वाढ ठरलेली,
आणि दोघंही मरेपर्यंत सांगत राहिले,
धुक्यात पगाराचा विषय निघालाच नाही.

ब्यूला, त्यांची बायको, खिडकीत दिवा ठेवायची.
माया बिया काही नाही, म्हणायची,
रस्ता दिसला नाही ही सबब नको.

मुलानं धंदा टोरांटोच्या कंपनीला विकला.
सही करताना एनॉस बाहेर बघत होते,
झेंडा कुठल्या अंगाला वळतोय ते.

नव्वदीनंतर डोळे गेले.
मग घंटेवरून जायचे. बंदराच्या तोंडाशी तरंगती घंटा आहे,
लाटेगणिक वाजते.
सुकाणू नातीच्या हातात, गाल वाऱ्याकडे,
आणि तोंडाचा पट्टा चालू: जरा डावीकडे, पोरी,
अजून जरा, हं, आता तिला तिचं करू दे.

आता लेटिशिया यार्डात टेकूंवर उभी आहे, ताडपत्रीखाली.
मी शिडी लावून चढले. जमिनीवरच आहे ना, म्हटलं.
तरी मळमळलं.
कप्प्यात रोजनिशी होत्या, सत्तर वर्षांच्या.
आगीच्या आठवड्यात: वारा नैर्ऋत्य, मध्यम. नजर लांब जाते.
ब्यूलाला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी: वारा नाही.
एवढंच.
आणि त्र्याऐंशीच्या ऑगस्टात, नऊ तारखेला:
मर्टलला पगारवाढ द्यावी. आकाश निरभ्र.

ती काही मिळाली नाही.
मी पर्समधून पेन काढलं
आणि त्याच ओळीखाली, माझ्या जुन्या अक्षरात, लिहिलं:
पुढे ओढले.